जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन

मोटारीचे मोठेपण तिच्या नावात असते की यंत्रात? अमेरिकेतील प्लिमथने १९६४ मध्ये ‘बॅराकुडा’ ही बलाढ्य मोटार बाजारात आणली; २००१ मध्ये खुद्द प्लिमथच बंद झाली. तिची भगिनी ‘डॉज’ हिने ते नाव पुन्हा धारण करावे काय, असा प्रश्न तेथील मोटारशौकीन विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यास आपला इतिहासही उपयोगी पडेल.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांच्या मोटारी जुळविल्या जात. मूळ घडण बहुतांशी एकच. नाव व दर्शनी अलंकार तेवढे निराळे. तेव्हा भगिनी-नावांचा हा व्यवहार आपणांस नवा नाही.

याच कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघू लागली. फियाटच्या परवान्याची मुदत संपल्यावर, १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘फियाट’च राहिली. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी तिला अनेक दशके जगविले ते नावासाठी नव्हे. तिची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला येत होती आणि तिचे सुटे भाग सहज मिळत होते, म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला.

दुसरे उदाहरण दुचाकीचे. १९६१ पासून म्हैसूरला बनणारी जावा पुढे ‘येझ्दी’ या नावाने विकली गेली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. महिंद्रा समूहातील कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी पुन्हा आणली. त्यांची निर्मिती आपल्याच मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे झाली. एकाच यंत्राची दोन नावे येथे दोन भगिनी म्हणून नांदू लागली.

यास्तव माझे मत असे: जुने नाव भगिनीने घ्यावे, यात गैर काही नाही, परंतु नावाबरोबर त्याची जबाबदारीही घ्यावी. सौंसरचा ग्राहक मोटार घेताना बोधचिन्हाच्या वंशावळीपेक्षा, सुटे भाग नागपूरपर्यंत गेल्यावर तरी मिळतील काय, हेच आधी विचारतो. ज्या कारखानदाराजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने स्मृतीचा व्यापार करू नये. नाव उसने मिळते. विश्वास मात्र कमवावाच लागतो.