गाडीत ठिणगी कधी पडते? ‘टायमिंग’ आता हाताने का लागत नाही

मालवण : चार माणसं, मागे सामान, फोंडा किंवा करूळ घाटाचा चढ, आणि बॉनेटखालून खडखड आवाज. गॅरेजमध्ये आल्यावर गाडीवाला सांगतो, “घाटात खटखट करता.” जुना मिस्त्री लगेच म्हणायचा, टायमिंग पुढे गेलंय. नव्या गाडीत मात्र ते फिरवायला नटच नसतो.

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो, अंदाजे दोन मिलिसेकंद धरा. तेवढ्यात इंजिन फिरतच असतं. ७५० आरपीएमला गाडी उभी असताना क्रँक या वेळेत ९ अंश फिरतो, ३००० आरपीएमला ३६ अंश. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. उशीर झाला तर ताकद कमी आणि पेट्रोल जास्त. फार लवकर पडली तर उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकतं. ती खटखट म्हणजे नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये हे काम डिस्ट्रिब्युटर करायचा, गॅरेजच्या भाषेत डेल्को. त्याच्या आत स्प्रिंगला लावलेली वजनं वेगाने बाहेर फेकली जात आणि ठिणगी पुढे सरकत असे. मिस्त्री डेल्को सैल करून कानाने टायमिंग लावायचा. सगळंच झिजणारं काम.

आता क्रँकजवळ दातेरी चाक असतं. अनेक गाड्यांत ६० दात्यांच्या जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर दाते मोजतो. मोकळी जागा आली की ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं. मग वेग, हवा किती येते, इंजिन किती गरम, हे बघून ईसीयू आपल्याकडच्या तक्त्यातून अंश काढतो आणि कॉइलचा करंट तोडतो. तोडला की ठिणगी. चार सिलिंडरच्या गाडीत ३००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. नॉक सेन्सर असेल तर खटका जाणवताच ठिणगी थोडी मागे घेतली जाते. चढावर पिकअप किंचित कमी वाटतो, पण पिस्टन वाचतो.

खटखटीचं खापर हल्ली इथेनॉलवर फुटतं. उलट इथेनॉल नॉकिंग रोखतं. मायलेज कमी होणं आणि जुन्या गाडीचे रबरी पार्ट, ही तक्रार वेगळी आणि खरी.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू खारी हवा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी धरते, कॉइलला करंट नीट जात नाही, गाडी मिसिंग करते. क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला तर बहुतेक गाड्या सरळ बंद पडतात, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होऊन सगळ्यांना फसवतात. पावसाळ्यापूर्वी कनेक्टर साफ करून घ्यावेत, प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुऊ नये. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, तो पार्ट महाग आहे. दिवा नुसता पेटून राहिला तर स्कॅनर लावून कोड बघायला सांगा, आधीच प्लग-कॉइल बदलू नका.

चालू इंजिनावर प्लगची वायर ओढून ठिणगी बघायची जुनी सवय मात्र सोडावी. कॉइलमधून वीस हजार व्होल्टच्या वर दाब येतो, हाताला झटका बसतोच, कॉइल किंवा ईसीयूही जळू शकतो.