पोटातल्या बाळाचा ऑक्सिजन प्रकाशाने मोजता येईल का? जाणून घ्या सोप्या भाषेत

कोरोनाच्या काळात घराघरात एक छोटं यंत्र आलं होतं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, दोन-चार सेकंद थांबायचं आणि ९७, ९८ असा आकडा बघून हुश्श करायचं. तेच ते पल्स ऑक्सिमीटर. आज आपण त्याच्याच एका अवघड भावंडाची माहिती घेणार आहोत. आईच्या पोटावर बाहेरून लावून, आतल्या बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र.

मला या विषयात रस का आला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी माझ्या ताईचं बाळंतपण होतं. कळा सुरू होऊन बरेच तास झाले होते. तिच्या पोटाला दोन पट्टे बांधलेले, शेजारच्या मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येत होती. अचानक सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल." भाऊजींनी थरथरत्या हाताने सही केली. वीस मिनिटांत भाची बाहेर आली, जोरात रडत, एकदम ठणठणीत. आम्ही सगळे खूश. पण पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिलाच. डॉक्टरांना काळजी बाळाच्या ऑक्सिजनची होती, मग मशीन ठोके का मोजत होतं?

ठोके म्हणजे ऑक्सिजन नव्हे

त्या पट्ट्यांच्या मशीनला सीटीजी म्हणतात. एक पट्टा अल्ट्रासाऊंडने बाळाचे ठोके पकडतो, दुसरा कळा. कळ येते तेव्हा गर्भपिशवी आवळली जाते आणि वारेकडे जाणारं रक्त थोडा वेळ कमी होतं. बहुतेक बाळं हे सहज सहन करतात. ऑक्सिजन फारच कमी पडू लागला तर मात्र ठोक्यांची लय बदलते. म्हणजे ठोके हा ऑक्सिजनचा अंदाज आहे, मोजमाप नाही.

अडचण अशी की लय इतर कारणांनीही बदलते. बाळ झोपलंय, आईला एखादं औषध दिलंय, बाळाचं डोकं दाबलं गेलंय, अशा वेळीही आलेख वेगळा दिसतो. आलेख नॉर्मल असेल तर बाळ बहुधा ठीक असतं, पण आलेख बिघडला म्हणजे बाळ संकटात आहेच असं नाही. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांच्या आलेखात धोक्याच्या ठरावीक खुणा दिसल्या होत्या, त्यांच्यापैकी फक्त ०.१९ टक्के मुलांना पुढे सेरेब्रल पाल्सी झाली. काही बाळं वेळेत सिझर केल्यामुळे वाचली असतील हेही खरं, पण तरीही खोटे अलार्म खूप आहेत.

आता डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अलार्म खोटा समजून थांबलात आणि तो खरा निघाला तर? म्हणून सिझर होतं. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. यामागे अनेक कारणं आहेत, पण "ठोके बिघडले" हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण आहे.

बोटावरचं यंत्र कसं चालतं?

अंधारात फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लाल दिसेल. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकतं, लाल भाग मात्र आरपार येतो. ऑक्सिमीटर याचाच फायदा घेतो. त्यात दोन दिवे असतात: एक लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड (सुमारे ९४० नॅनोमीटर). ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड थोडा जास्त. ऑक्सिजन नसलेल्या रक्ताचं उलट.

पण बोटात कातडी, हाड, मांस सगळंच असतं. मग फक्त धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात याचं उत्तर शोधलं. प्रत्येक ठोक्याला धमनीत थोडं जास्त रक्त येतं, त्यामुळे प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. हाड-मांस ठोक्यासोबत बदलत नाही. म्हणून बदलणारा भाग तेवढा घ्यायचा, दोन्ही दिव्यांसाठी त्याचं गुणोत्तर काढायचं आणि त्यावरून आकडा ठरवायचा. साधी आणि जबरदस्त कल्पना!

मग पोटावर लावलं की झालं?

नाही ना! इथेच खरी गंमत आहे.

पहिली अडचण अंतराची. बोट जेमतेम सेंटीमीटरभर जाड असतं. पोटात मात्र आधी आईची कातडी, चरबी, स्नायू, मग गर्भपिशवी, गर्भजल आणि त्यानंतर बाळ. प्रकाश शरीरात सरळ रेषेत जात नाही, दाट धुक्यात गाडीचा हेडलाइट पसरतो तसा पसरतो. बाळापर्यंत पोहोचून परत बाहेर येणारा प्रकाश अगदी नगण्य असतो. दिवा हवा तेवढा मोठा करावा, तर आईची कातडी भाजेल. त्यामुळे त्याला सुरक्षेची मर्यादा आहे.

दुसरी अडचण आवाजाची. परत आलेल्या प्रकाशात आईचेही ठोके असतात आणि ते बाळाच्या ठोक्यांपेक्षा कितीतरी मोठे असतात. लाऊडस्पीकरशेजारी उभं राहून कुजबूज ऐकण्यासारखं आहे हे.

उपाय समजायला तुमचे नॉइज कॅन्सलिंग इयरफोन आठवा. बाहेरचा माइक फक्त गोंगाट ऐकतो आणि सॉफ्टवेअर तो गोंगाट गाण्यातून वजा करतं. इथेही तसंच. दिव्याच्या जवळ ठेवलेल्या सेन्सरला वरवरून परतलेला प्रकाश मिळतो, म्हणजे फक्त आई. दिव्यापासून काही सेंटीमीटर लांब ठेवलेल्या सेन्सरला खोलवर जाऊन आलेला प्रकाश मिळतो, म्हणजे आई अधिक बाळ. दुसऱ्यातून पहिला नीट वजा केला की बाळ उरतं.

शिवाय ठोक्यांचा वेगही वेगळा असतो. आईचे मिनिटाला साधारण ६० ते १००, बाळाचे ११० ते १६०. मग फ्रिक्वेन्सीने वेगळे करा की! मलाही आधी तेच वाटलं होतं. पण ठोक्याची लहर गुळगुळीत नसते, त्यामुळे ७० ठोक्यांच्या आईचा दुप्पट पडसाद १४० वर येतो, म्हणजे बरोबर बाळाच्या जागेवर. म्हणून बाळाचा नेमका वेग अल्ट्रासाऊंडने वेगळा मोजायचा आणि सिग्नल तिथेच शोधायचा, ही युक्ती कामाला येते.

तिसरी अडचण आकड्याची. आपला ऑक्सिजन ९५ च्या वर असतो. प्रसूतीच्या वेळी पोटातल्या बाळाचा मात्र साधारण ३० ते ७० टक्के असतो आणि ते त्याच्यासाठी नॉर्मल आहे, कारण बाळाचं हिमोग्लोबिन कमी ऑक्सिजनमध्येही तो घट्ट पकडून ठेवतं. बोटावरचे ऑक्सिमीटर निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन तपासले जातात, तेही साधारण ७० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे आपल्या यंत्राची खात्री जिथे संपते, तिथे बाळाचे आकडे सुरू होतात! म्हणून इथे दिव्यांचे रंगही बदलावे लागतात.

आतापर्यंत काय झालं?

सर्वात आधी आतून प्रयत्न झाला. अमेरिकेत मे २००० मध्ये 'ऑक्सिफर्स्ट' नावाच्या यंत्राला मंजुरी मिळाली. पाणमोट फुटल्यावर एक सेन्सर आत सरकवून बाळाच्या गालाला टेकवायचा. यात ७३५ आणि ८९० नॅनोमीटरचे दिवे होते. मंजुरीआधीच्या १,०१० महिलांच्या चाचणीत बाळाच्या धोक्यामुळे होणारी सिझर निम्म्याहून कमी झाली. मात्र एकूण सिझर तेवढीच राहिली.

मग २००६ मध्ये ५,३४१ महिलांच्या चाचणीचे निकाल आले. सेन्सर सगळ्यांना लावला, पण निम्म्या बाळंतपणांत आकडा डॉक्टरांना दाखवलाच नाही. सिझरचं प्रमाण किती? आकडा दिसला तिथे २६.३ टक्के, लपवला तिथे २७.५ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. बाळांच्या तब्येतीतही फरक नव्हता. यंत्र बाजारातून गेलं.

पोटावरून मोजायचा रस्ता वेगळा. २००० मध्येच ब्रिटन चान्स आणि डेव्हिड बोआस यांच्यासह काही संशोधकांनी पोटाबाहेरून असं मोजमाप करता येईल हे दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सोहेल घियासी यांच्या गटाने गाभण मेंढ्यांवर प्रयोग केले. तिथे कोकराचा ऑक्सिजन मुद्दाम कमी करून, पोटावरचा आकडा आणि रक्त तपासून आलेला आकडा ताडून बघता आला. माणसाच्या बाळावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून मेंढ्या. हे तंत्रज्ञान अजून संशोधन आणि चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

आपल्यासाठी एक मुद्दा खास महत्त्वाचा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की बोटावरच्या ऑक्सिमीटरकडून कृष्णवर्णीय रुग्णांमधला कमी ऑक्सिजन गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा निसटला. कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं. पोटावरून जाणारा प्रकाशही कातडीतूनच जातो. त्यामुळे असं यंत्र भारतात येण्याआधी आपल्या सावळ्या रंगांवर तपासलेलं हवं.

फोनवरच्या ॲपचं काय?

फोनचा फ्लॅश आणि कॅमेरा वापरून बोटातले ठोके बऱ्यापैकी मोजता येतात. पण फ्लॅशमध्ये कामापुरता इन्फ्रारेड नसतो आणि कॅमेऱ्यावर तो अडवणारा फिल्टर असतो. फोन पोटावर ठेवून बाळाचा ऑक्सिजन सांगतो म्हणणारं ॲप दिसलं तर सरळ अनइन्स्टॉल करा. बाळाची हालचाल कमी वाटली तर ॲप न उघडता लगेच दवाखाना गाठा.

थोडक्यात

मी दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. नवा आकडा दाखवला की काम झालं, असं आम्हाला वाटतं. ऑक्सिफर्स्टमध्ये आकडा होता, तरी निर्णय बदलले नाहीत. म्हणून पोटावरच्या यंत्राला दोन परीक्षा द्याव्या लागतील. आकडा बरोबर येतो का, ही पहिली. आणि तो बघून डॉक्टर निर्धास्तपणे "अजून थोडं थांबू" किंवा "आत्ताच चला" म्हणू शकतात का, ही दुसरी आणि जास्त अवघड.

माझी भाची आता भिंतीला धरून उभी राहते. तिचं सिझर गरजेचं होतं की नव्हतं, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या रात्री हातात जे होतं त्यावर डॉक्टरांनी योग्यच निर्णय घेतला. पुढच्या एखाद्या ताईच्या वेळी त्यांच्या हातात ठोक्यांच्या पट्टीपेक्षा थोडं जास्त काही असावं, एवढंच वाटतं.