जलाशय, झिरा आणि ट्रॅप : जुन्नर-आंबेगावच्या कातळावरून दोन संज्ञांचा विचार

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या भूपृष्ठावर वालुकाश्म आढळत नाही. खनिज तेलाचा तर प्रश्नच नाही. असे असता तेलधारक वालुकाश्माच्या विवेचनास या प्रदेशापासून आरंभ करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे, की तेलभूविज्ञानातील दोन मूलभूत संज्ञा, म्हणजे 'रिझर्व्हॉयर' व 'ट्रॅप', याच प्रदेशात नेमक्या विरुद्ध अर्थांनी वावरतात. येथील रिझर्व्हॉयर म्हणजे डिंभे, माणिकडोह, येडगाव व वडज या धरणांचे जलाशय, आणि येथील ट्रॅप म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. हेच अर्थ मनात ठेवून विद्यार्थी तेलभूविज्ञानाकडे वळला, म्हणजे दोन्ही ठिकाणी त्याची फसगत होते. संज्ञांचा इतिहास पाहिला असता ती टळू शकते, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम ट्रॅपचा विचार करू. पश्चिम भारताच्या भूवैज्ञानिक अभ्यासाच्या आरंभीच्या शिल्पकारांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची गणना होते. मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक या नात्याने ते १८२४ पासून दख्खनमध्ये हिंडले. दख्खनच्या काही भागाच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध १८३३ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत वाचला गेला. याच साइक्स यांनी १८२८ साली नाणेघाटातील कोरीव लेख पाहिले व पुढे १८३७ साली जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या प्रती प्रसिद्ध केल्या. ज्या कातळाचे थर त्यांनी वर्णिले त्याच कातळावरील अक्षरेही त्यांनी उतरून घेतली. मात्र उतरताना ती अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. ब्राह्मीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी केला तो १८३७ च्या सुमारास. कातळाच्या बाबतीतही स्थिती निराळी नव्हती. थर दिसत होते, परंतु त्यांच्याखाली काय दडले आहे हे वाचण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

'ट्रॅप' हा शब्द अठराव्या शतकातील स्वीडिश खनिजवेत्त्यांकडून भूविज्ञानात आला. स्वीडिश भाषेत 'त्राप्पा' म्हणजे जिना. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झिजले, की डोंगराच्या उतारास पायऱ्यांचे रूप येते. शिवनेरीच्या पायथ्यापासून वर दृष्टी टाकणाऱ्यास हे नाव किती सार्थ आहे, हे सांगावयास नको. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या लाव्ह्याच्या उद्रेकांतून हे थर बनले. तेलभूविज्ञानातील 'ट्रॅप' मात्र इंग्रजीतील सापळा होय. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे सच्छिद्र खडकातून वर सरकत जाते. खडकाची कमान किंवा प्रस्तरभंग त्याची वाट अडवितो तेथे ते साचते. ही अडवणूक म्हणजे तेलाचा ट्रॅप. 'पाऊल टाकणे' या अर्थाच्या एकाच जर्मानिक धातूशी दोन्ही शब्दांचे नाते व्युत्पत्तिशास्त्रज्ञ जोडतात. पाय ठेवावयाची जागा ती पायरी आणि पाय अडकावयाची जागा तो सापळा. मूळ एक असले तरी विज्ञानात हे दोन शब्द भिन्न मार्गांनी आले आहेत. मराठीत दोन्ही 'ट्रॅप' असेच लिहिले जात असल्याने 'दक्षिण ट्रॅप' म्हणजे दक्षिणेतील एखादा प्रचंड तेलसापळा, असा समज होण्यास वाव राहतो.

आता रिझर्व्हॉयर. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीस सुमारे २१ मीटर खोलीवर तेल लागले. त्यानंतर कित्येक वर्षे, भूगर्भात तेलाची तळी किंवा तेलाने भरलेल्या भेगा असतात, अशी कल्पना तेथे रूढ होती. ते तेल वालुकाश्माच्या कणाकणांमधील पोकळीत सामावलेले असते, ही गोष्ट जॉन कार्ल यांनी १८८० च्या आपल्या सर्वेक्षण-अहवालात आग्रहाने मांडली. वाळूतून द्रव कसा वाहतो याचा नियम तत्पूर्वीच, १८५६ साली, आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिझों शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना शोधून काढला होता. खडकाच्या पार्यतेचे माप आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

चांगल्या तेलधारक वालुकाश्मात पोकळीचे प्रमाण साधारणतः शेकडा १५ ते २५ असते. हा खडक हातात घेतला तर तो दगडच वाटतो. त्यात तळे नसते, ओल असते. 'जलाशय' या शब्दाने हे चित्र उभे राहत नाही. ते उभे करणारा शब्द आपल्या ग्रामीण बोलीत पूर्वीपासून आहे, तो म्हणजे 'झिरा'. उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडले असता वाळू उकरून केलेल्या खड्ड्यात पाणी झिरपत येते. वरून कोरडी दिसणारी वाळूच तेथे पाण्याचे भांडार असते आणि खड्डा केवळ ते गोळा करतो. तेलाची विहीर तत्त्वतः झिराच होय. फरक खोलीचा, दाबाचा व वरच्या अभेद्य झाकणाचा.

नुसती छिद्रे असून भागत नाही, ती परस्परांशी जोडलेली असावी लागतात, हेही हाच प्रदेश शिकवितो. विहिरी खणणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात त्या कातळात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली असंख्य छिद्रे असतात. परंतु ती बहुधा सुटी असतात, आणि पुष्कळदा झिओलाइट वर्गातील खनिजांनी भरूनही गेलेली असतात. सच्छिद्रता आहे पण पार्यता नाही, असे हे उदाहरण होय. विहिरीस पाणी लागते ते प्रामुख्याने कातळाच्या भेगांतून व झिजलेल्या थरांतून.

घोड, कुकडी व मीना या नद्यांच्या वाळूपासून कालांतराने उत्तम वालुकाश्म होईल काय? तसे संभवत नाही. टिकाऊ वालुकाश्मास क्वार्ट्‌झचे कण लागतात. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतो. तो झिजून अखेरीस काळी चिकणमाती होते. वाळूत राहिलेले बेसाल्टचे कणही खोल गाडले गेल्यास कुजतात व पोकळ्या बुजवितात. शिवाय येथील नदीगाळ अत्यंत पातळ व भूवैज्ञानिक दृष्ट्या अलीकडचा आहे. कुकडीकाठी बोरी बुद्रुक येथील गाळात ज्वालामुखीय राखेचा थर व अश्मयुगीन हत्यारे सापडली असून त्या राखेच्या वयाविषयी विद्वानांत मोठा वाद झाला. मानवाच्या इतिहासास हा गाळ अमोल आहे. तेल निर्माण होण्यास मात्र गाळाची खोरी हजारो मीटर खोल असावी लागतात.

उरतो तो साइक्स यांच्या काळी अनुत्तरित राहिलेला प्रश्न : या पायऱ्यांच्या खाली काय आहे? ट्रॅपच्या पूर्व सीमेवर याचे एक उत्तर उघड्यावर दिसते. नागपूरच्या परिसरात, जेथे स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० नंतरच्या दशकात खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला, तेथे कामठीचे वालुकाश्म पश्चिमेस ट्रॅपखाली शिरतात. ते पश्चिमेस कोठवर जात असावेत, याविषयीच्या तर्कांस विंधन-विहिरींनी मर्यादा घातली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या विंधनात ३३८ मीटर ट्रॅपखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर लागला व लगेच प्राचीन स्फटिकी खडक आला. कोयना परिसरातील विंधनात सुमारे ९३३ मीटर बेसाल्टनंतर, मध्ये गाळाचा थर न लागता, थेट ग्रॅनाइटी पायाच लागला. दोन विहिरींवरून सबंध दख्खनचा निवाडा करता येत नाही. तथापि ट्रॅपखाली सर्वत्र जाड वालुकाश्म पसरला असावा, ही समजूत त्यांनी खोडून काढली, हे निश्चित.

ट्रॅप आणि तेल यांचा संबंधच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९६० साली अंकलेश्वर येथे तेल मिळाले ते आदिनूतन काळातील वालुकाश्मात. त्या खंबायत खोऱ्याचा तळ ट्रॅपचाच आहे. कच्छ व सौराष्ट्रात उलट ट्रॅप हे छप्पर असून मध्यजीव महाकल्पातील वालुकाश्म त्याखाली आहेत. बडोद्याजवळ पादरा येथे तर भेगाळलेल्या ट्रॅपमधूनच तेल निघाले. पण ते तेथे आले शेजारच्या गाळाच्या खडकांतून. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य तेलधारक खडक चुनखडक आहे, वालुकाश्म नव्हे. तळ, छप्पर व क्वचित भांडे, अशा तिन्ही भूमिका ट्रॅपने केल्या आहेत. तेलाची जननी मात्र तो कोठेच नाही. जुन्नर-आंबेगावात उणीव आहे ती या जननीची, म्हणजे सेंद्रिय द्रव्याने युक्त अशा जाड गाळथरांची.

भाषेच्या अभ्यासकाने खडकांविषयी निवाडा देऊ नये, हे मान्य. परंतु खडकांना दिलेल्या नावांविषयी बोलणे हा त्याचा अधिकार आहे. म्हणून एवढीच सूचना करावीशी वाटते, की 'ट्रॅप' हा शब्द मराठीत काळ्या पाषाणापुरता राखावा व तेलाच्या संदर्भात 'सापळा' म्हणावे. आणि तेलधारक खडक समजावून देताना विद्यार्थ्यास डिंभ्याच्या जलाशयाकडे बोट न दाखविता कोरड्या नदीतील झिऱ्याशी न्यावे. पेनसिल्व्हेनियात तळ्याची कल्पना मोडावयास वीस वर्षे लागली. आपल्या बोलीत झिरा असता तीच कल्पना वर्गात पुन्हा रुजविण्याचे कारण नाही.