लग्नाचा फोटोग्राफर आणि हैदराबादचा जनाना स्टुडिओ

लग्न ठरले की मांडव, आचारी, वाजंत्री यांच्या जोडीला फोटोग्राफरही ठरवावा लागतो. तो ठरवितात बहुधा घरातले पुरुष, आणि तासन्‌तास त्याच्यासमोर बसावे लागते नवरीला! म्हणून भगिनींपुढे एक जुनी हकिकत ठेवावीशी वाटते.

आपला धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी लाला दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते. पुढे १८९४ साली निजामांनी त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मोठ्या घराण्यांतील स्त्रिया तेव्हा पडद्यात. परपुरुषाने काळ्या कापडाखाली डोके घालून त्यांच्याकडे पाहावे, हे कोणास रुचणार? दीनदयाळांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषांना मज्जाव, आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेविक ही इंग्रज बाई! (धंद्याची दृष्टी त्यात होतीच; पण व्यवस्था नामी खरी.) अर्थात ही सोय श्रीमंतांची, आमच्या तुळजापूर-परंड्याच्या लेकीसुनांना तिचा काय उपयोग?

पडदा गेला, काचांच्या जागी फिल्म आली, तीही जाऊन डिजिटल कॅमेरा आला. संकोच मात्र उरला आहे. ‘मान वळवा, पदर सारा, जरा हसा’ अशी फर्माने अनोळखी माणूस सोडतो आणि मुलगी अवघडून जाते. तेव्हा त्याचे जुने आल्बम पाहताना तिलाही शेजारी बसवावे. हळदीचे नि न्हाणाचे फोटो हवेत की नकोत, हे तिलाच विचारावे. कॅमेरा चालविणारी एखादी मुलगी ओळखीत असेल, तर निदान तेवढ्या वेळेपुरते तिला बोलवावे.