एचएमटी म्हणजे घड्याळ की तांदूळ?

'तांदळाच्या म्युझियमचं तिकीट किती आहे बे?'

बंगळुरूच्या जालहळ्ळी भागात रिक्षातून उतरता उतरता माझ्या मित्राने विचारलं. मी हसलो, पण त्यात अर्धीच गंमत होती. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडचा. घरची धानाची शेती. त्याने आयुष्यात पहिल्यांदा 'एचएमटी' हा शब्द ऐकला तो तांदळाच्या कट्ट्यावर. घड्याळाचं त्याला नंतर कळलं.

माझं उलटं. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीचा. मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना हायवेवर लागतं ते गाव. बहुतेकांनी ते एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. आमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन. भात रोजचा नाही, आणि तांदूळ किराणा दुकानातून यायचा. एचएमटी म्हणजे आमच्यासाठी आबांचं घड्याळ. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीच्या कागदांखाली, रुमालात गुंडाळून ठेवलेलं. गेली कित्येक वर्षं बंद.

आम्ही दोघं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहोत. कॉलेजच्या एका दोस्ताच्या लग्नासाठी बंगळुरूला आलो होतो आणि परतीच्या गाडीआधी एक अख्खा दिवस मोकळा होता. त्याला कब्बन पार्कमध्ये झोप काढायची होती. माझ्या बॅगेत आबांचं घड्याळ होतं. दिवाळीत घरून निघताना बाबांनी ते हातात दिलं होतं. 'येवढा इंजिनीअर झाला, कोनाले तरी दाखवून पाय.' मलकापूरच्या एका दुकानदाराने पार्ट मिळत नाहीत म्हणून ते परत केलं होतं. म्युझियम म्हणजे दुरुस्तीचं दुकान नव्हे, हे मलाही माहीत होतं. तरी घेऊन गेलो.

यंत्रं बनवणारी यंत्रं

एचएमटी हेरिटेज सेंटर २०१९मध्ये सुरू झालं. झाडीतली बंगल्यासारखी इमारत आहे. आत शिरताना मला घड्याळंच दिसणार असं वाटत होतं. पण ही गोष्ट घड्याळापासून सुरू होतच नाही. ती सुरू होते लेथपासून.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स. १९५३मध्ये केंद्र सरकारने ही कंपनी काढली आणि स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं. मशीन टूल म्हणजे यंत्रांचे भाग बनवणारं यंत्र. पंप, मोटार, छापखाना, सायकल, काहीही बनवायचं तर धातू कापावा, कातावा, घासावा लागतो. त्यासाठी लागणारी लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची यंत्रं स्वतःला बनवता येत नसतील, तर कारखाने कितीही काढा, चावी दुसऱ्याच्या हातात राहते. भारतात हे काम अगदीच होत नव्हतं असं नाही. किर्लोस्करांनी १९४१मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला लेथचा कारखाना काढलाच होता. पण नव्या देशाची भूक मोठी होती.

तिथल्या यंत्रांसमोर उभं राहिल्यावर मला फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवलं. हिरवट रंगाचा, तेलकट लेथ आणि त्याच्या अंगावर ही तीन अक्षरं. तो आमच्यापेक्षा वयाने बराच मोठा होता. त्याच्यावर मी एक जॉब असा बिघडवला होता, की सरांनी तो अख्ख्या बॅचला फिरवून दाखवला. मित्र म्हणाला, 'म्हणजे तू इंजिनीअर झाला तोही एचएमटीवर.' मी म्हटलं, 'नापास व्हायचा राहिलो, तो एचएमटीवर.'

पुढे १९७१मध्ये कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्रज्ञान घेऊन हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. म्हणजे एकाच नावाचा लेथ, ट्रॅक्टर आणि घड्याळ. आज एखादा ब्रँड फोनपासून ट्रिमरपर्यंत सगळं विकतो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की या नावामागे सरकार होतं.

डायलवरचं 'जनता'

घड्याळांचा कारखाना १९६१चा, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने काढलेला. पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू. ती आयात व्हायची, नाहीतर चोरट्या मार्गाने यायची. दोन्ही रस्ते वडनेरला येत नव्हते.

म्युझियममध्ये मॉडेलं ओळीने मांडलीत. नावं वाचत जा, त्या काळाचा शब्दसंग्रहच मिळतो. जनता, जवान, पायलट, तरुण, नूतन, सुजाता, रजत, कांचन, कोहिनूर. अंधांसाठी ब्रेल घड्याळही आहे, त्याची काच उघडते आणि बोटांनी वेळ वाचता येते. मी खिशातला रुमाल सोडला आणि आबांचं घड्याळ काचेपाशी धरलं. तेच. पांढरा डायल पिवळा पडलेला, त्यावर देवनागरीत 'जनता'.

या घड्याळाला बॅटरी नसते. रोज सकाळी चावी द्यायची, म्हणजे आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सावकाश उलगडताना एक छोटं चाक, बॅलन्स व्हील, पुढे-मागे झोके घेतं. जनतामध्ये हे ठोके तासाला १८,००० पडतात, सेकंदाला पाच. घर्षणाने झिजू नये म्हणून नाजूक जागी कृत्रिम माणकं बसवतात. डायलवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, ते हेच.

माझ्यातल्या इंजिनीअरला राहवलं नाही, मी तिथेच हिशेब केला. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ रोज अर्धा मिनिट चुकलं, तरी ते ९९.९६ टक्के अचूक आहे. आम्ही क्लायंटला सर्व्हर ९९.९ टक्के चालू राहील असं वचन देतो आणि त्यासाठी रात्री-बेरात्री उठतो. इथे एक स्प्रिंग, काही दातेरी चाकं आणि सकाळी चावी देणारा एक माणूस यांच्यावर काम भागत होतं.

भिंतीवरच्या जुन्या फोटोंपाशी मी जास्त वेळ थांबलो. घड्याळाच्या जोडणीच्या टेबलांवर बायकांची संख्या मोठी होती. भिंग डोळ्याला, चिमटा हातात. फोटोत चेहरे स्पष्ट दिसतात. नावं मला कुठे सापडली नाहीत.

३२,७६८

मग ही कंपनी बुडाली कशी? आमच्या पेशात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. दोनचा पंधरावा घात, ३२,७६८. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला इतक्या वेळा थरथरतो. त्या संख्येला पंधरा वेळा निम्मं केलं, की बरोबर एक सेकंद मिळतो, आणि निम्मं करत जाणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात सोपं काम.

जपानच्या सैकोने १९६९च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. सेकंदाला पाच ठोक्यांची आणि बत्तीस हजारांची ही बरोबरीची लढत नव्हती. पुढच्या दीड दशकात खुद्द स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ उद्योगातले बहुसंख्य रोजगार गेले.

एचएमटी झोपली होती असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. तिने १९८१मध्येच क्वार्ट्झ घड्याळ आणलं होतं. पण कारखाने, हात, हिशेब, सगळं चावीच्या घड्याळाभोवती उभं होतं. १९८४मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून टायटन काढली. क्वार्ट्झ, नव्या डिझाइन्स, चकचकीत दुकानं. आता घड्याळ मिळतंय का हा प्रश्न उरला नव्हता, कोणतं घ्यायचं हा होता. नव्वदच्या दशकात आयात खुली होत गेली, तोटा वाढत गेला. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्याच वर्षी ट्रॅक्टरचाही निकाल लागला.

मी सध्या ज्या प्रणालीवर काम करतो, तीही दोन वर्षांत बंद होणार आहे. ती वाईट नाही. तिच्याभोवती उभी असलेली माणसंही वाईट नाहीत. म्हणून या दालनात मला फार शहाणपणा सुचला नाही.

धानातलं एचएमटी

बाहेर झाडाखाली चहा पिताना मित्र म्हणाला, 'सगळं दाखवलं, पण आमचा तांदूळ कुठे आहे?' आणि मग त्याने मला दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवटच माहीत होती.

दादाजी रामाजी खोब्रागडे, नागभीड तालुक्यातल्या नांदेड या छोट्या गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३मध्ये त्यांना स्वतःच्या शेतात, 'पटेल ३' या वाणाच्या धानात, तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या तोडून जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असं काही वर्षं. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. १९९०च्या सुमारास हे धान बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. एका व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी म्हणायला सुरुवात केली.

इथे थोडं थांबून विचार करा. तेव्हा चांगलं, भरवशाचं, आपल्या ऐपतीतलं म्हणजे काय, हे सांगायला एका व्यापाऱ्याला घड्याळाची तीन अक्षरं पुरली. कुठलीही जाहिरात कंपनी हे करून देऊ शकत नाही.

बियाणं शेतकऱ्यांच्या हातून हातोहात पसरलं. १९९८मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही त्यात शुद्धीकरणाचं शास्त्रीय काम केलं. दादाजींचं म्हणणं, बियाणं माझ्याकडून नेलं आणि श्रेय दिलं नाही. २००५मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, पुरस्कार राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला. २०१०मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पैसा मात्र आला नाही. आजारपणातल्या खर्चासाठी मदतीचं आवाहन करावं लागलं. ३ जून २०१८ला ते गेले.

त्यांनी आणखी वाणही निवडले होते. त्यातल्या एकाला स्वतःच्या आद्याक्षरांवरून नाव दिलं, डीआरके. 'एक तरी आपल्या नावाचा असू दे, असं वाटलं असेल ना बे,' मित्र म्हणाला.

आमच्याकडून अकोला फार दूर नाही. नांदुऱ्याला गाडीत बसलं, की शेगाव आणि मग अकोला. शाळेच्या सहलीत आम्ही त्या विद्यापीठात गेलो होतो. घरातही एचएमटी तांदूळ खात होतो. दादाजींचं नाव मला ना सहलीत कळलं, ना जेवताना.

घड्याळ कुणाचं?

त्या रात्री गाडीत बसल्यावर मी घरी फोन लावला. म्युझियममध्ये आबांचं घड्याळ ठेवलंय, अगदी तसंच, असं बाबांना सांगितलं. आबांनी ते कधी घेतलं, हे विचारलं. बाबा म्हणाले, 'मी लहान होतो. कापसाच्या पैशात घेतलं होतं.' घरात आम्ही कायम एवढंच सांगत आलो होतो. आबांनी कापसाच्या पैशात घड्याळ घेतलं.

मागून आजीचा आवाज आला. तिने फोन मागून घेतला.

'आपल्या कापसाचे नाही. मी दुसऱ्याइच्या वावरात वेचनीले जात होती दोन साल. ते पैसे होते. त्याईले ग्रामपंचायतीत जा लागे, हातात घड्याय पाह्यजे म्हने. घड्याय त्याईचं, पैसे माहे.'

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, 'कोनं इचारलं?'

पुण्यात आल्यावर एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्याने मागचं झाकण उघडलं, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, काही तुटलेलं नाही, तेल वाळलंय. आठ दिवसांनी घड्याळ चालू होऊन मिळालं. रोज दोन-तीन मिनिटं मागे पडतं. माझ्या हिशेबाने तरीही ९९.८ टक्के.

मी ते वापरत नाही. पुढच्या सुट्टीत वडनेरला नेऊन आजीच्या हातावर बांधलं. पट्टा सैल झाला, दाभणाने एक भोक वाढवावं लागलं. ती सकाळी चहाआधी चावी देते. वेळ विचारली तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगते.