तळटीप : ‘कोल्हापूरच्या’ सुलोचनाबाई

मूळ लेखकाने अभिनेत्री सुलोचनाबाईंना (१९२८–२०२३) ‘कोल्हापूरच्या’ म्हटले आहे. त्यांचा जन्म निपाणीजवळच्या खडकलाटचा. गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले. जन्मगाव हा योगायोग, घडण कोल्हापूरची, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा: अभिनयाचे धडे आणि पडद्यावरचे नावही कोल्हापूरचे दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनीच दिले. पण निपाणी भागाला बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ. खडकलाटहून कोल्हापूरच्या स्टुडिओत पोचणे ही परमुलखातली उडी नव्हती, रोजच्या वहिवाटीची वाट होती. गाव गाळले की निपाणी भाग आणि कोल्हापूर यांच्यातला हा दुवाच तुटतो. आधीच हिंदी चित्रपटांत त्यांनी रंगवलेल्या सोशिक आईने ‘वहिनींच्या बांगड्या’ या मराठी चित्रपटातली (१९५३) त्यांची वहिनी झाकोळली आहे; त्यात गावही पुसले जाऊ नये. म्हणून मूळ शब्द राखून ‘जन्म खडकलाट’ एवढे चौकटी कंसात घातले आहे.