चित्राखालची ओळ

मी डहाणू-तलासरी भागात इतिहास शिकवतो. १९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी घेतलेले बाबासाहेबांचे छायाचित्र मी एकदा वर्गात दाखवले. मागच्या बाकावरच्या वारली मुलाने विचारले, “सर, फोटोखालची ओळ कोण लिहितं?”

प्रश्न मला लागला. माझ्या वसतिगृहाच्या अहवालात आमचा एक फोटो छापला होता. पाहुण्यांची नावे दिलेली, आणि आमच्याखाली फक्त ‘शिष्यवृत्तीचे लाभार्थी’. घराण्यातला पहिला पदवीधर होऊनही ती ओळ मी विसरलेलो नाही.

बर्क-व्हाइट यांचा जन्म १९०४ चा. १९२९ मध्ये त्या ‘फॉर्च्युन’ मासिकात आल्या आणि पुढच्याच वर्षी सोव्हिएत कारखाने टिपायला गेल्या. १९३६ मध्ये ‘लाइफ’च्या पहिल्या मुखपृष्ठावर त्यांनी टिपलेले धरण होते. यंत्राच्या भव्यतेने दिपलेली ही नजर हळूहळू माणसाकडे वळली. १९३७ च्या पुरात लुइव्हिल शहरी मदतीसाठी रांगेत उभे राहिलेले काळे लोक त्यांनी टिपले. मागच्या फलकावर मोटारीतले हसरे गोरे कुटुंब, आणि जगातले सर्वोच्च राहणीमान आमचेच, ही बढाई. तिथे खाली ओळ लिहायची गरजच नव्हती. भांडवलशाहीने ती स्वतःच वर लिहून ठेवली होती.

पण त्याच वर्षी अर्स्किन कॉल्डवेल यांच्यासह त्यांनी दक्षिणेतल्या कुळांवर पुस्तक काढले. त्यात चित्रांखाली गरिबांच्या तोंडी घातलेली वाक्ये लेखकद्वयाची होती. तसे त्यांनी पुस्तकातच सांगितले. कणव खरी होती, पण बोलणे त्या माणसांचे नव्हते.

एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीतली प्रेते त्यांनी जगाला दाखवली. त्याच वर्षी आमच्या भागात वारली उठत होता. मे महिन्यात झरीच्या परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी मोकळे होऊ लागले. पुढे गवतकापणीला पाचशे रत्तलांमागे अडीच रुपये मागितले गेले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण पडले. किसान सभेच्या नोंदीप्रमाणे, जमीनदारांनी वारल्यांत सभेची अफवा पसरवून त्यांना जमवले आणि पोलिसांना मात्र जमाव हल्ल्यासाठी आल्याचे कळवले. जमाव एकच, पण त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलेली ओळ खोटी निघाली, आणि तिची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

पुढच्याच वर्षी बर्क-व्हाइट यांनी गांधींचे चरख्यासोबतचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, कलकत्त्याच्या दंगलीतले मृतदेह टिपले. ३० जानेवारी १९४८ ला हत्येच्या काही तास आधी त्या गांधींशी बोलल्या होत्या. १९७१ मध्ये त्या वारल्या. चरख्याचे चित्र पाठ्यपुस्तकांत घर करून बसले. तलवाडा तिथे अजून पोचलेला नाही.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० चे. त्याचे ऋण मोठे आहे. पण तेही सोबत लढलेल्या बाहेरच्या माणसाने लिहिलेले. आमच्या पांढरपेशा सोबत्यांनाही हे सांगायला आपण कचरू नये. कॅमेरा कुणाचाही असो, ओळ ज्याची त्याने लिहावी.

त्या मुलाला मी आजीकडे पाठवले. तो एक जुना फोटो आणि वहीचे पान घेऊन आला. पानावर पाचही माणसांची नावे होती, आणि शेवटी: “हे आमचे. हे लग्नगडी नव्हते, हे सुटले होते.”

मी त्यात एक अक्षरही दुरुस्त केले नाही.